चार चिरूट आणि बिडीचं एक बंडल

डबा पत्र्याचा आहे, चपटा, शाळेच्या कंपासपेटीपेक्षा थोडा मोठा. त्यात आता एकच चिरूट उरला आहे. तो भिजू नये आणि फार सुकूही नये, हे काम माझ्याकडे आहे. दर रविवारी मी डबा उघडते, आतला केळीच्या पानाचा तुकडा बदलते आणि झाकण लावते. कॉलेजातल्या मैत्रिणी हसतील असं वाटून मी हे कुणाला सांगितलेलं नाही. इथे लिहिते आहे, कारण बोलण्यापेक्षा लिहिताना मी कमी अडखळते.

आमचं घर रामनगरपासून आत, कॅसलरॉकच्या बाजूला आहे. घरापासून रेल्वे दिसत नाही, पण घाट चढणाऱ्या मालगाडीचा आवाज येतो. अप्पा भात लावतात आणि शेतात काम नसेल तेव्हा जंगलात मजुरीला जातात. रोपं लावणं, वणवा लागू नये म्हणून पट्टे साफ करणं, पडलेली लाकडं ओढणं, अशी कामं. मिशी फुटायच्या आधीपासून ते लाकूड ओढायला जात होते आणि बिडीही तेव्हापासूनची. घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिली. माझा मोठा भाऊ, ज्याला मी अण्णा म्हणते, बारावीनंतर थांबला. त्याला सैन्यातच जायचं होतं.

अण्णा पहिल्यांदा भरतीला गेला तेव्हा धावण्यात बाहेर पडला. शेवटच्या फेरीत त्याचा दम गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आला आणि जेवायचंही नाही म्हणाला. अप्पा अंगणात दगडावर बसून बिडी ओढत होते.

"छातीच न्हाई तुज्यात," अप्पा म्हणाले आणि खोकले.

"माजी छाती ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाला. "तुमी गोठ्यापत्तूर गेलासा तर दोनदा थांबतासा. तुमचंच रक्त हाय माज्यात, मग छाती कुटनं येणार?"

आई आतून ओरडली, "बापाशी असं बोलत्यात व्हय रं?"

हातातली बिडी अप्पांनी दगडावर चुरडली, तीही अर्धीच झालेली. मग उठून आत आले आणि खिशातलं बंडल आईपुढे धरलं.

"चुलीत घाल."

"डोकं फिरलं काय तुमचं? सकाळीच आनलंय न्हवं?"

"घाल म्हंतोय न्हवं!" आईने घातलं. घरभर बिडीचा वास झाला. अप्पा दारात गेले आणि अण्णाला म्हणाले, "मी सोडली. आता तू पळ."

"कदीपत्तूर?"

"तू लागेपत्तूर."

आम्ही कुणीच हे खरं धरलं नाही. आईने तर चार दिवसांची मुदत दिली होती.

आमच्या रस्त्यावर पहाटे गवे उभे असतात. अंगाला अंग लावून, रस्ता आपलाच असल्यासारखे. धावत येणारा माणूस दिसला की गवा बिथरतो, म्हणून अण्णाच्या पुढे सायकलवर अप्पा जायचे, घंटी वाजवत आणि मोठ्याने खाकरत. पहिले काही आठवडे चढ आला की अप्पा सायकलवरून उतरून ढकलत चालायचे, आणि अण्णाला त्यांच्यासाठी थांबावं लागायचं. माझ्या फोनवर मी वेळ लावायचे. थंडी गेली तोवर अप्पा त्या चढावर सायकलवर बसूनच असायचे. वर मागे वळून ओरडायचे, "काय रं, म्हातारा झालास काय?" बिडी खरंच सुटली होती. पण चिडचिड वाढली होती. आई म्हणायची, "ओढत हुतासा तेच बरं हुतं बगा, निदान त्वांड बंद असायचं."

हे सगळं सुभेदारकाकांच्या कानावर गेलं. रामनगरला त्यांची पिठाची गिरण आहे. सैन्यातून सुभेदार होऊन आले, तेव्हापासून सगळे त्यांना सुभेदारच म्हणतात. एकदा मी आणि अप्पा दळण घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी गिरण थांबवली, हात झटकले आणि मागच्या खोलीतून हा डबा आणून अप्पांच्या हातात ठेवला.

आत चार चिरूट होते. जाड, तपकिरी, प्रत्येकावर सोनेरी कागदाची पट्टी. एका साहेबाने निवृत्तीच्या वेळी त्यांना दिलेले. काका स्वतः विडी-सिगरेटला कधी शिवले नाहीत. त्यांनी डबा ठेवला होता तो मुलासाठी. मुलगा सैन्यात गेला की एकेक पेटवायचा, आमच्या पलटणीत साहेब लोक बढती मिळाली की असंच करायचे, असं ते म्हणाले. मुलगा गोव्याला हॉटेलात कामाला लागला.

"बरं चाललंय त्याचं," काका म्हणाले. "तक्रार न्हाई. पण हे तितं पेटवून काय करू?"

अप्पा डबा परत द्यायला लागले. काकांनी घेतला नाही.

"नुसतं सोडून भागत न्हाई गड्या. माणसानं फुडं कायतरी ठेवावं लागतंय. बिडी एक बी न्हाई. चिरूट मातर चार. आनि कदी पेटवायचे ते मी सांगनार."

माझ्या पिशवीत अण्णाच्या अर्जाची एक खराब झालेली झेरॉक्स होती. तिच्या मागे काकांनी सांगितलं तसं मी लिहिलं: भरती. कसम, म्हणजे ट्रेनिंग संपल्यावरची शपथ. पहिली पोस्टिंग. चौथ्यावर ते थोडे थांबले. आताच्या भरतीत चार वर्षं नोकरी असते आणि त्यानंतर त्यातल्या काही जणांनाच पुढे ठेवतात, हे त्यांनी अप्पांना समजावून सांगितलं. मग म्हणाले, "लिव, कायम." मी लिहिलं. तो कागद घडी करून मी झाकणाच्या आतल्या बाजूला भाताच्या खळीने चिकटवला. अजून आहे.

दुसऱ्या खेपेला अण्णा धावण्यात पास झाला, बाकीचंही सगळं झालं आणि बोलावणं आलं. पहिला चिरूट अंगणात पेटला. अप्पांनी तो बिडीसारखा दातात धरून काडी लावली, पण पेटेना. सुभेदारकाका मुद्दाम आले होते.

"अरे, टोक कापायला लागतंय आदी!"

"कुटलं टोक? दोनी बाजूला सारकंच हाय."

शेवटी आईने विळीवर कापून दिला. अप्पांनी बिडीसारखाच जोरात झुरका आत ओढला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकले. काका पोट धरून हसले. "आत घ्यायचा न्हाई! तोंडातच ठेवायचा आनि सोडायचा."

"मग ओढायचा कशाला?" अप्पा म्हणाले. पण शेवटपर्यंत ओढला. अण्णा शेजारी उभा होता, नवीन बूट घालून. ते बूट त्याने त्या दिवशी काढलेच नाहीत.

अण्णा गेला आणि डबा माझ्या ताब्यात आला. माझ्या चुकीची गोष्ट इथून सुरू होते.

आमच्याकडे पावसाळ्यात सगळ्यावर बुरशी चढते. चपला, पट्टे, देवाच्या फोटोची चौकट, माझी पुस्तकं. आषाढात मी डबा उघडला तर तिन्ही चिरुटांवर पांढरी लव धरलेली. अप्पांना सांगायचं धाडस झालं नाही. आमच्याकडे काहीही भिजलं की ते कुठे ठेवायचं, हे लहान पोरालासुद्धा विचारावं लागत नाही. चुलीच्या वर बांबूचा एक माळा टांगलेला आहे. बियाणं, आमसुलं, मिरच्या, पावसाळ्यासाठी घेतलेला खारा बांगडा, सगळं त्याच्यावर. खालून धूर आणि ऊब लागते, काही खराब होत नाही. मी चिरूट फडक्याने पुसले आणि माळ्यावर पसरून ठेवले. जागा होती ती बांगड्याच्या टोपलीशेजारीच. तीन आठवडे ते तिथे होते. आईला वाटलं, अप्पांनीच ठेवायला सांगितलं असेल.

खाली काढले तेव्हा बुरशी गेली होती. चिरूट मात्र वाळक्या शेंगेसारखे झाले होते, एकाचं वरचं पान तडकलं होतं. मी नाकाजवळ नेला आणि पटकन डब्यात ठेवून झाकण लावलं. कुणाला काही बोलले नाही. त्याच महिन्यात मी खानापूरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला जायला लागले होते. तिथे प्राध्यापक काय बोलतात ते निम्मं कळत नव्हतं आणि विचारायला भीती वाटायची. घरीही एक गोष्ट लपवायची भर पडली.

ट्रेनिंगमध्ये अण्णाला फक्त रविवारी फोन मिळायचा. आमच्या घरात रेंज येत नाही, म्हणून रविवारी आम्ही तिघं फणसाच्या झाडापाशी, थोड्या उंचावर जाऊन बसायचो. पावसात एका छत्रीखाली आई आणि फोन, आम्ही बाहेर. सुरुवातीला अण्णा जेवणाचं सांगायचा, दोस्तांचं सांगायचा. मग बोलणं कमी झालं. एका रविवारी तो सरळ म्हणाला, "मी येतोय घरला."

आई म्हणाली, "सुट्टी मिळाली?"

"न्हाई. सोडून येतोय. पाय सुजल्यात. रातभर झोप न्हाई. हितं माजं बोलनं कुणाला कळत न्हाई, माज्या हिंदीला सगळी हसत्यात. गवंडीकाम करीन, गोव्याला जाईन, काय बी करीन."

आई रडायला लागली. "ये बाबा," ती म्हणाली, "ये तू." अप्पांनी तिच्या हातातून फोन घेतला. मला वाटलं आता ओरडतील. ते फक्त म्हणाले, "दोन तासांनी परत लाव. मिळंल का?"

"बगतो."

अप्पा सायकल काढून भर पावसात रामनगरला गेले. परत आले तेव्हा शर्टाच्या आत, पिशवीत गुंडाळलेलं बिडीचं एक बंडल होतं. ते हातात घेऊन फणसाखाली उभे राहिले. फोन आला.

"ऐक," अप्पा म्हणाले. "मी बंडल आनलंय. हातात हाय माज्या. बारा म्हैने झाले, मी एक बी ओढली न्हाई. रोज सकाळी वाटतंय, आज ओढावी. आज बी वाटलं. तू गाडीत बसलास की मला सांग. त्याच मिंटाला मी हे फोडतो. तू बी मोकळा आनि मी बी मोकळा."

फोन कट झाला असं वाटून अप्पांनी कानापासून काढून बघितला. मग अण्णाचा आवाज आला. "हे बरं न्हाई करत तुमी, अप्पा."

"न्हाई करत," अप्पा म्हणाले. "पाय कुटं सुजलाय? घोट्यात? तिळाचं त्याल लाव. आनि पुडच्या रविवारी फोन कर."

बंडल डब्याच्या शेजारी फळीवर ठेवलं गेलं, न फोडलेलं. त्या आठवड्यात मी कॉलेजात असले तरी दर तासाला वाटायचं, अण्णा गाडीत बसला असेल. बुधवारी अप्पा फळीपाशी नुसते उभे होते, पाठमोरे. मी दारातच थांबले. ते वळले आणि म्हणाले, "म्हशीला पानी दावलंस काय?" मी म्हटलं, "व्हय." ते गोठ्याकडे गेले. बंडलाला हात लागलेला नव्हता. मी जवळ जाऊन बघितलं.

रविवारी फोन आला. अण्णाने नमस्कार-चमत्कार काही केला नाही.

"बंडल हाय काय अजून?"

"हाय."

"फोडलं न्हाईसा न्हवं?"

"तू सांगितलंस काय फोडा म्हणून?"

अण्णा हसला. सुजलेल्या घोट्याने माणूस उड्या मारायला लागल्यावर हसतो तसं, थोडं कण्हत. त्यानंतर दर रविवारी त्याचा पहिला प्रश्न तोच असायचा.

कसम परेडला आई आली नाही. मळणी चालू होती आणि म्हशीला कोण बघणार? मी आणि अप्पा गेलो, दोन रात्रींचा रेल्वेचा प्रवास. अप्पा एवढ्या लांब कधीच गेले नव्हते. डबा त्यांनी बंडीच्या आतल्या खिशात ठेवला होता आणि दर स्टेशनला हात लावून बघायचे. तिथे मैदानावर सगळी पोरं एकसारखी दिसत होती. अप्पा विचारत राहिले, "आपला कुटला?" आणि मला ओळखू येत नव्हता. परेड संपल्यावर आईवडिलांच्या छातीवरही एक छोटं पदक लावलं. अप्पांच्या शर्टाला ते लावताना त्यांनी श्वास रोखून धरला होता.

गेटच्या बाहेर, झाडाखाली, अण्णा आमच्याजवळ आला. बारीक झाला होता, काळा झाला होता आणि ताठ उभा राहत होता. अप्पांनी डबा काढला. मी मागे सरकले. त्यांनी दातांनी टोक तोडलं, काडी लावली आणि पहिला धूर सोडला.

खाऱ्या बांगड्याचा वास आला. थोडाफार नव्हे, चांगला. शेजारच्या कुटुंबातल्या एका बाईने वळून बघितलं.

"अप्पा," अण्णा म्हणाला, "ह्यो चिरूट हाय का निखाऱ्यावरचा बांगडा?"

अप्पांनी चिरूट हातात घेऊन उलटासुलटा बघितला. मग माझ्याकडे बघितलं. मी रडतच सगळं सांगितलं. बुरशी, माळा, टोपली, तीन आठवडे. "मला वाटलं सुकले की बरे ऱ्हातील," एवढंच मला पुन्हा पुन्हा म्हणता येत होतं.

"अगं, मग आदी सांगायचं न्हवं? भाकरी तरी आनली असती संगं," अप्पा म्हणाले.

अण्णाने त्यांच्या हातातून चिरूट घेतला. तो कधी ओढत नाही, त्या दिवशीही ओढला नाही. नुसता नाकाजवळ धरून उभा राहिला. सात महिने त्याने घर बघितलं नव्हतं. "आई आता चूल पेटवत आसंल," तो म्हणाला आणि चिरूट परत दिला. अप्पांनी तो बोटं भाजेपर्यंत ओढला.

निघताना अप्पांनी पिशवीत हात घातला आणि बिडीचं बंडल काढलं. ते सोबत आणलंय हे मलाही माहीत नव्हतं. त्यांनी ते अण्णाच्या हातात दिलं.

"मला कशाला?"

"आता तू सांबाळ. माज्याजवळ लई दिस ऱ्हायलं."

तिसरा चिरूट पुढच्या वर्षी गिरणीत पेटला. अण्णाची पोस्टिंग बर्फाच्या मुलखात झाली, तिथून त्याने फोटो पाठवला. त्यात त्याचे डोळे तेवढे ओळखू येत होते. वास बघून सुभेदारकाका आधी ओरडले, "काय पोरी, मासळीबाजार काडलास काय?" मग त्यांनी मला नीट सांगितलं, की चिरूट म्हणजे बियाणं नव्हे, त्याला थोडी ओल लागते. फार नाही, हाताला कळेल न कळेल एवढी. अप्पांनी चिरूट त्यांच्यापुढे केला. काका आधी नको म्हणाले. मग त्यांनी घेतला, एकच झुरका तोंडात धरला आणि सोडला, आणि बराच वेळ गिरणीच्या पट्ट्याकडे बघत बसले.

तेव्हापासून केळीचं पान. दोन बोटं रुंदीचा तुकडा, पुसून कोरडा केलेला, चिरुटाला न लागेल असा. मी ते वहीत तारखेसकट लिहून ठेवते. पहिल्या महिन्यात पान जास्त ओलं झालं, दुसऱ्यात कमी पडलं. आता जमतं. चौथा चिरूट दाबला की थोडा दबतो आणि पुन्हा वर येतो. बांगड्याचा वास मात्र गेलेला नाही.

मागच्या सुट्टीत अण्णा आला होता. त्याने डबा उघडून बघितला आणि अप्पांना म्हणाला, "पेटवा की आता. कायम करत्यात न करत्यात कुणाला ठावं? कितीतरी पोरं हाईत, माज्यापेक्षा चांगली."

अप्पा कोयत्याला धार लावत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

"झाकनात काय लिवलंय?"

"कायम."

"मग?"

"न्हाईच झालं तर, अप्पा?"

"तर ऱ्हाईल तितंच. मी मागत न्हाई." त्यांनी धार अंगठ्यावर बघितली. "तू उद्या सकाळी पळायला जानार हाईस का न्हाई? सायकलीत हवा भरून ठेवतो."

सकाळी दोघं गेले. आता अण्णा पुढे आणि सायकल मागे असते, पण वळणापाशी अप्पा जोर लावून पुढे जातात, कारण गवे तिथेच असतात. मी दारात फोनवर वेळ लावून उभी होते. मला तिसऱ्या वर्षाची परीक्षा द्यायची आहे, आणि वर्गात हात वर करायचा अजून धीर होत नाही. पण या वर्षी मी दोनदा प्रश्न विचारला.

अण्णाच्या चार वर्षांतलं अजून वर्षभर राहिलंय. तिथे त्याच्या चाचण्या चालू आहेत, धावणं, गोळीबार, लेखी. आज रविवार. मी पान बदललं आणि डबा फळीवर ठेवला. मग आम्ही तिघं फणसापाशी गेलो. फोन लागला. आता पहिला प्रश्न अप्पा विचारतात.

"बंडल हाय काय?"

"हाय. पेटीत, कपड्यांच्या खाली."

"फोडलं न्हाईस न्हवं?"

"न्हाई." वाऱ्याचा आवाज आला, मग पुन्हा अण्णाचा. "चिरूट?"

अप्पांनी फोन माझ्याकडे दिला.

"बरा हाय," मी म्हटलं. "आताच पान बदललंय."